फिरत्या सळईवर घरची कोंबडी: उपकरण निवडीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५

गरज आधी कागदावर. चार-पाच माणसांना पुरेल अशी एक अख्खी कोंबडी, साफ केल्यावर १.२ ते १.४ किलो. वर्षातून तीन-चार वेळा बोकडाची रान, म्हणजे अख्खी मागची तंगडी, दीड किलोच्या आसपास. जागा पुण्यातला फ्लॅट: स्वयंपाकघरात ओट्यावर ६० सेंमी मोकळे, वर सोसायटीची गच्ची.

पर्याय तीन. सळई फिरवणारी मोटर असलेला ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, ओट्यावरचा विजेचा ओव्हन), सळईची सोय असलेला एअर फ्रायर ओव्हन, किंवा कोळशाची शेगडी आणि तिला वेगळी मोटर.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो "किती लिटरचा?" असा. लिटरवरून काहीच कळत नाही. सळईवर कोंबडी फिरते तेव्हा ती एक गोल घेरते, आणि तो गोल आत मोकळा फिरतो का, एवढंच बघायचं असतं. म्हणून आज १.३ किलोची कोंबडी दोऱ्याने घट्ट बांधून सळईत ओवली आणि पट्टीने मोजली. सळईच्या मध्यापासून छातीच्या टोकापर्यंत ८.५ सेंमी, लांबी १९ सेंमी. याच मापाची, ८.५ सेंमी त्रिज्येची पुठ्ठ्याची चकती कापली, मध्ये भोक पाडून बांबूच्या काडीवर बसवली. दुकानात हीच घेऊन जायची. काडी सळईच्या खाचेत ठेवून चकती फिरवली की वरच्या हीटरपासून आणि खालच्या ट्रेपासून किती अंतर उरतं ते समोर दिसतं.

किमान अंतरं ठरवली. वरच्या हीटरपासून ३ सेंमी, खालच्या ट्रेपासून १.५ सेंमी. वर यापेक्षा कमी ठेवलं तर छातीवर काळा पट्टा उमटतो आणि मांडी कच्ची राहते. खाली कमी ठेवलं तर सुटलेला पंख ट्रेला घासतो, आणि एकदा अडकला की मोटर थांबते.

८ नोव्हेंबर

चकती घेऊन सात ओटीजी बघितले. एकाच लिटरचे दोन ओव्हन शेजारी शेजारी होते. एक रुंद आणि बुटका, त्यात चकती वर जेमतेम दीड सेंमी सोडत होती. दुसरा अरुंद पण उंच, त्यात वर ३.५ आणि खाली २. डब्यावरचा आकडा मात्र सारखाच.

आणखी तीन गोष्टी प्रत्येक वेळी तपासाव्यात असं ठरलं.

सळईची खाच डब्याच्या बरोबर मध्ये असतेच असं नाही. काही ओव्हनमध्ये ती वरच्या बाजूला सरकलेली असते, आणि मग खालची मोकळी जागा वायाच जाते.

मोटर कोणत्या बटणावर चालते? काही ओव्हनमध्ये ती फक्त वरचा हीटर चालू असतानाच फिरते. कोंबडीला वरचा आणि खालचा दोन्ही लागतात. दुकानदाराला प्लग लावायला सांगून बटण प्रत्येक खुणेवर फिरवून बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

सळई बाहेर काढायचा चिमटा सोबत मिळतो का? गरम सळई दोन्ही टोकांना एकाच वेळी उचलावी लागते. चिमट्याशिवाय ते हातमोज्यांनी करणं धोक्याचं आहे, कारण कोंबडीच्या पोटात साठलेलं गरम पाणी नेमकं त्या वेळी मनगटावर ओघळतं.

एअर फ्रायर ओव्हन बाद. चकती आत बसलीच नाही. ९०० ग्रॅमच्या कोंबडीपुरता तो चांगला आहे, पंख्यामुळे कातडी लवकर कुरकुरीत होते, पण आपलं माप तेवढं नाही.

९ नोव्हेंबर

उंच ओटीजी घेतला, २००० वॅटचा. २३० व्होल्टवर म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. हा १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावायचा. मिक्सरच्या ६ अँपिअर सॉकेटला कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवू नये. तासभर चालणारं उपकरण आहे, बोर्ड वितळायला तेवढा वेळ पुरतो.

आत वेगळा ओव्हन थर्मामीटर लटकवला. बटण २०० वर ठेवलं तर प्रत्यक्षात तापमान १८० ते २१५ मध्ये खाली-वर होत राहतं. थर्मोस्टॅट असाच चालतो, त्यात दोष नाही. सरासरी कळली की पुरे.

१५ नोव्हेंबर

आज मोटरची परीक्षा, कोंबडीशिवाय.

मोटरला कोंबडीचं वजन जड पडत नाही, कारण वजन सळईच्या दोन टोकांवर तोललेलं असतं. जड पडतो तो ढळलेला तोल. कोंबडीचा भार सळईच्या मध्यापासून जितका बाजूला, तितका तो प्रत्येक फेऱ्यात मोटरला वर ओढून न्यावा लागतो. हिशेब सोपा आहे: वजन किलोत, अंतर सेंटीमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार. १.३ किलोची कोंबडी ३ सेंमी बाजूला बसली तर जवळपास ४ किलो-सेंमी. मोटर विकणारेही ताकद याच मापात सांगतात, त्यामुळे तुलना सरळ होते.

परीक्षा पाण्याच्या बाटलीने. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली सळईला समांतर बांधली, तिचा मध्य सळईपासून ४ सेंमीवर. म्हणजे २ किलो-सेंमी. मोटर आरामात फिरली. मग एक लिटरची, मध्य ४.५ सेंमीवर. बाटली खालून बाजूला आली, वर चढायला लागली, तिथेच थबकली आणि सळई उलटी फिरायला लागली. दुसऱ्या बाजूने चढताना पुन्हा तेच. बाटली झुलत राहिली, वर काही गेली नाही.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओटीजीत आणि मायक्रोवेव्हच्या फिरत्या थाळीखाली असते ती छोटी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी. तिची दिशा ठरलेली नसते. सुरू होताना ती कोणत्याही बाजूला निघते आणि अडली की उलटी फिरते. कोंबडी झोपाळ्यासारखी झुलताना दिसली तर मोटर बिघडलेली नसते, कोंबडी एका बाजूला जड झालेली असते. बरेच लोक इथेच मोटर बदलायला निघतात.

या ओव्हनची मर्यादा ३ किलो-सेंमी धरली. १.३ किलोची कोंबडी २.३ सेंमीपेक्षा जास्त बाजूला जाता कामा नये.

१६ नोव्हेंबर

पहिली कोंबडी. विकत घेताना एक अडचण असते, ती आधीच सोडवावी. आपल्याकडे चिकनवाले कोंबडी सोलून देतात, कारण पिसं उपटण्यापेक्षा कातडी ओढून काढणं झटपट होतं. सळईवर कातडी नसली की वरचं मांस अर्ध्या तासात चिवट होतं. आदल्या दिवशीच फोन करून कातडीसकट, अख्खी, तुकडे न केलेली असं तिन्ही सांगावं. जिवंत १.८ किलोची घेतली तर साफ होऊन साधारण १.३ किलो हातात येते. गावरान यासाठी घेऊ नये. तिची चव रश्श्यात उतरते, कोरड्या आचेवर ती मऊ होत नाही.

दोरा पांढरा सुती, वाण्याकडे पुड्या बांधायला असतो तसा. दहा मिनिटं पाण्यात भिजवून घेतला. नायलॉन अजिबात नको. पंख पाठीमागे मुडपून छातीला एक वेढा, तंगड्यांची टोकं एकावर एक घेऊन शेपटीशी दुसरा वेढा. सळई मानेकडून घालून शेपटीखालून काढायची, पण छातीच्या हाडाला लागून, कारण छाती जड असते. कोंबडी सळईवर पकडून ठेवणारे दोन्ही बाजूंचे काटे मांसात पूर्ण दाबून मगच त्यांचे स्क्रू आवळले.

तोल बघायला दोन सारख्या उंचीची पातेली ओट्यावर ठेवून त्यांच्या काठांवर सळई आडवी ठेवली. जड बाजू आपोआप खाली गेली. पाठ खाली आली होती, म्हणजे सळई छातीला फार चिकटली. काढून एक सेंमी पाठीकडे घेतली. दुसऱ्यांदा सळई जिथे सोडू तिथे जवळजवळ थांबत होती.

२०० अंशांवर, दोन्ही हीटर, ६८ मिनिटं. छातीत ७४ अंश, मांडीत हाडाजवळ ७९. मांडीसाठी ८० च्या पुढे जास्त चांगलं लागतं, तिथले चिवट धागे तेव्हा सुटतात.

चूक एक झाली. चाळिसाव्या मिनिटाला तंगड्यांचा दोरा सैल पडला, कारण मांस शिजताना आकसतं. तंगड्या उघडल्या, तोल गेला आणि झुलणं सुरू. उपाय: तंगड्यांना दोन स्वतंत्र वेढे द्यायचे, आणि दर वीस मिनिटांनी काचेतून बघायचं.

ट्रेत पडलेली चरबी जळून धूर झाला. पुढच्या वेळी ट्रेत एक वाटी पाणी, जास्त नाही. पाणी जास्त झालं की वाफेने कातडी ओली राहते.

२२ नोव्हेंबर

उपकरण तेच, फक्त मीठ आणि वेळ बदलली. कोंबडीच्या वजनाच्या दीड टक्का मीठ: १.३ किलोला २० ग्रॅम. आतून-बाहेरून चोळून ताटलीवर ठेवून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात उघडी, १८ तास. कातडी कागदासारखी कोरडी लागली तेव्हाच बाहेर काढली.

फरक मोठा आहे. गेल्या आठवड्यात काखेत आणि मांडीच्या घडीत फिकट, मऊ डाग राहिले होते, या वेळी नाहीत. ओली कातडी आधी पाणी उडवण्यात उष्णता घालवते, लाल व्हायची वेळ नंतर येते. महागडा ओव्हन घेण्याआधी हे करून बघावं.

दही-तिखटाचं वाटण सुरुवातीपासून लावू नये. लाल तिखट तासभरात काळं पडतं, कडवट होतं, आणि दही ट्रेत गळून जळतं. वाटण शेवटच्या वीस मिनिटांत, थोड्या तेलात कालवून, ब्रशने.

२९ नोव्हेंबर

रानेसाठी ओटीजी पुरणार नाही, हे आकड्यांवरूनच स्पष्ट आहे. १.६ किलोची रान, हाड एका बाजूला, मांसाचा गोळा दुसऱ्या बाजूला: तोल साधारण ४.५ सेंमीने ढळतो. ७.२ किलो-सेंमी. मोटर ३ ची. म्हणून गच्चीवर कोळशाची शेगडी आणि वेगळी मोटर.

मोटरचे पर्याय पाहिले.

गाडीच्या वायपरची जुनी मोटर. ताकद भरपूर, पण हळू वेगावरही मिनिटाला चाळीसच्या आसपास फेरे आणि बारा व्होल्टवर काही अँपिअर ओढते. सायकलची चाकं-साखळी लावून वेग कमी करता येतो, पण सामान वाढतं. बाद.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला तयार संच. बऱ्याच घरी तो माळ्यावर पडून असतो. त्याची मोटर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. इथल्या सॉकेटला थेट लावली की जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालते, पण आपल्या ५० हर्ट्झवर तिचा वेग पाचषष्ठांश होतो. मिनिटाला तीनऐवजी अडीच फेरे. स्वयंपाकाला त्याने काही बिघडत नाही. संच घरात असेल तर सळई आणि काटे जरूर वापरावेत.

१२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला १० फेरे, धातूचे गिअर, १० किलो-सेंमीच्या वरची. ही घेतली, पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून. सोबत २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणि वेग कमी-जास्त करायचा छोटा कंट्रोलर. गच्चीवर, ओल्या हाताने, दव पडलेलं असताना २३० व्होल्टची उघडी मोटर नको, हेही एक कारण. प्लॅस्टिक गिअरची मोटर स्वस्त मिळते, पण कोळशाच्या आचेजवळ तिचे दात मऊ पडतात.

वेग मिनिटाला ३ ते ५ फेरे. एका फेऱ्याला मिनिटापेक्षा जास्त लागलं तर सुटलेली चरबी वर यायच्या आत खाली टपकते. फिरत्या सळईचा सगळा फायदा त्या चरबीने मांसाभोवती फिरत राहण्यात आहे.

६ डिसेंबर

सळई: ८ मिमी चौकोनी, स्टेनलेस ३०४, लांबी ७५ सेंमी. बोहरी आळीत, पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारात, "स्टील" म्हणून तीन प्रकार पुढे आले. चुंबक लावून फसू नये. ३०४ आणि त्याहून हलक्या प्रतीचं २०२ दोन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि न तापवता ओढून बारीक केलेल्या ३०४ च्या सळईला तो हलकासा चिकटतोही. मोठ्या व्यापाऱ्याकडे तपासणीचं द्रावण असतं, थेंब टाकून दाखवायला सांगावं. जस्ताचा मुलामा दिलेली सळई, नट, तार यांपैकी काहीही अन्नाजवळ नको. लिंबू, दही, व्हिनेगर यांनी जस्त सुटतं.

१० मिमीची घ्यावी का, हाही विचार झाला. ६० सेंमीच्या टेकूंवर मधोमध २ किलो ठेवलं तर ८ मिमीची सळई दीड मिमीच्या आत झुकते. पुरेशी आहे. जाड सळईने कोंबडीची छाती फाटते.

जोडणी: मोटरचा दांडा ६ मिमी, एका बाजूने सपाट. २० मिमी गोल बारचा तुकडा लेथवर घेऊन एका बाजूला ६ मिमीचं भोक, दुसऱ्या बाजूला आतून ९ मिमी असलेल्या चौकोनी पाइपचा ४० मिमी तुकडा वेल्ड केला. सळई त्यात एक मिमी सैल बसते. ती सैल मुद्दाम ठेवली: मोटर आणि सळई अगदी एका रेषेत नसल्या तरी गिअरवर ताण येत नाही.

दुसरं टोक खाचेत नुसतं ठेवलं आहे, लांबीच्या दिशेने ३ मिमी मोकळं. गरम झाल्यावर सळई सव्वा-दीड मिमी वाढते. दोन्हीकडे घट्ट अडकवली तर ती वाढ मोटरच्या दांड्यावर दाबते.

शेगडी: २ मिमी पत्र्याची पेटी, ५० × ३५ सेंमी, २० सेंमी खोल. दोन्ही बाजूंना सळईसाठी तीन उंचीच्या खाचा, कोळशापासून १२, १६ आणि २० सेंमी. रसायनाचं किंवा रंगाचं जुनं पिंप कापून शेगडी करू नये, ते कितीही जाळलं तरी.

मोटर पेटीपासून १२ सेंमी बाहेर, मध्ये पत्र्याचा आडोसा.

७ डिसेंबर

रिकामी शेगडी तासभर पेटवून पत्र्यावरचं तेल जाळून टाकलं. बाटलीची परीक्षा पुन्हा. एक लिटर, ४.५ सेंमी: फिरली. दोन बाटल्या, ९ किलो-सेंमी: फिरली, पण वरून खाली येताना झटका. जड बाजू माथा ओलांडते तेव्हा ती मोटरच्या पुढे धावते आणि ती एक मिमीची सैल "टक्" करून भरून निघते. दर फेऱ्याला एक टक्. वीस मिनिटांत जोडणीचा स्क्रू ढिला.

दोन उपाय केले. दांड्याच्या सपाट बाजूवर एक आणि त्याच्या काटकोनात दुसरा, असे दोन स्क्रू. आणि प्रतिवजन: मोटरच्या बाजूला, पेटीच्या बाहेर, सळईवर कॉलर (स्क्रूने आवळायचं कडं) बसवून त्याला आटे पाडलेला दांडा आणि त्यावर ६०० ग्रॅमचा लोखंडी ठोकळा, मागे-पुढे सरकणारा. १२ सेंमीवर ठेवला की ७.२ किलो-सेंमी, म्हणजे रानेचा पूर्ण तोल. दांडा फिरताना आडोशाला लागत नाही ना, ते हाताने एक फेरा देऊन बघावं. टक् बंद झाली.

१३ डिसेंबर

कोळशावर कोंबडी. लाकडी कोळसा दीड किलो, पुढे आणि मागे अशा दोन रांगांत. मधे रिकामी जागा आणि तिथे पाण्याचा ट्रे. सळईच्या बरोबर खाली निखारा ठेवला की चरबी पडून भडका उडतो आणि कातडीवर काजळी बसते. हात मांसाच्या उंचीला धरून चार-पाच सेकंद सहन होईल इतकी आच. दर २५ मिनिटांनी बाजूच्या तसराळ्यात पेटवलेले सात-आठ निखारे घालायचे. काळा कोळसा टाकला तर आच पडते आणि धुराचा वास लागतो.

वेळ ८५ मिनिटं, १६ सेंमीच्या खाचेत. गच्चीवरचा वारा एका बाजूची आच पळवतो. वाऱ्याच्या बाजूला ४० सेंमी उंच पत्रा उभा केल्यावर ठीक झालं.

कोळसा बंद बाल्कनीत, काचा लावलेल्या गॅलरीत कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धूर नसला तरी तो तयार होतच असतो. राख पत्र्याच्या बादलीत, वर पाणी. वरून विझलेला निखारा आत दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो.

२० डिसेंबर

रान, १.६ किलो. कच्च्या पपईची पेस्ट एक मोठा चमचा, मीठ २४ ग्रॅम, आलं-लसूण, चार तास. रात्रभर ठेवली तर वरचं मांस पिठूळ होतं, कारण पपईचा रस आत झिरपत नाही, वरच्याच थरावर काम करत राहतो आणि मांस तापायला लागल्यावर आणखी जोर धरतो. बोकडाच्या रानेला चरबी कमी, म्हणून बाहेरून चरबीची जाळी गुंडाळली. खाटकाकडे आधी सांगितलं तर मिळते.

सळई हाडाला समांतर, हाडाला टेकून. सर्वांत वरची खाच, २० सेंमी, मंद आच. प्रतिवजन ११ सेंमीवर बसलं. दर अर्ध्या तासाने मोटर बंद करून, कंट्रोलरची तार काढून, ठोकळा किंचित आत घ्यावा लागला: रस आणि चरबी गळून रान हलकी होत जाते, आणि सुरुवातीचा तोल शेवटपर्यंत टिकत नाही. तीन तासांत हाडाजवळ ८८ अंश. काटा लावला की धागे सुटत होते. ६३ अंशांवर काढायच्या परदेशी पद्धती कोवळ्या, चरबीदार मेंढीसाठी आहेत. इथल्या बोकडाचं मांस त्या तापमानाला दाताखाली ताणतं.

काढल्यावर वीस मिनिटं सळईवरच ठेवली, मग काटे सोडले. काट्यांचे स्क्रू गरम असतात आणि चरबीने गच्च बसतात, पक्कड जवळ ठेवावी.

२१ डिसेंबर

आठवड्याच्या कोंबडीला ओटीजी, रानेला आणि दोन कोंबड्यांना गच्चीवरची शेगडी, असं ठरलं. दोन कोंबड्या एका सळईवर लावताना एकीची छाती वर, दुसरीची खाली. तोल आपसात भागतो आणि प्रतिवजन लागतच नाही.

ओटीजीत सळई बसते ते चौकोनी छिद्र आज कापसाच्या बोळ्याने पुसलं. पाच वेळच्या वापराने तिथे चरबीचा काळा थर जमला होता. तो मोटरकडे गेला की घरघर सुरू होते. दर वापरानंतर, ओव्हन कोमट असतानाच पुसायचं; थंड झाल्यावर थर खरवडावा लागतो.